फाइल आणून देणारी ती हवालदार

क्राइम मालिकांमधल्या दुय्यम स्त्री-पात्रांबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन आम्ही केलं होतं. लिहू पाहणाऱ्यांची आणि नुसतं बघणाऱ्यांची, दोघांचीही पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: माझ्या वेब मालिकेचा नायक पोलीस निरीक्षक आहे आणि त्याच्या हाताखाली एक महिला हवालदार आहे. ज्यांना ज्यांना वाचून दाखवलं ते म्हणतात, ती नसली तरी काही बिघडत नाही. तिला संवाद वाढवून दिले, तरी तेच. काय करावं? – वाचक, डोंबिवली

उत्तर: संवाद वाढवून हे दुखणं बरं होणार नाही, कारण त्याचं मूळ स्टेप आउटलाइनमध्ये, म्हणजे कथेच्या प्रसंगवार आराखड्यात आहे. आउटलाइन पुढ्यात घ्या आणि तपास जिथे जिथे वळतो त्या जागा एकाखाली एक लिहा. चाळीसेक मिनिटांच्या भागात अशा पाच-सहा जागा निघतात. प्रत्येकीपुढे दोन रकाने करा: हे पहिल्यांदा कोणाला कळलं, आणि त्यावर काय करायचं ते कोणी ठरवलं. दोन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत निरीक्षकाचंच नाव आलं, तर तुमची हवालदार पाच पानं बोलली तरी उपरीच राहणार.

आता एक वळण तिच्या नावावर करायचं. कोणतं, ते तिच्या ड्युटीवरून ठरवा. 'बाई आहे म्हणून तिला बांगडीचा तुकडा दिसला' हा मार्ग टाळा. त्यात ती पोलीस असण्याचा काही संबंधच येत नाही. मुंबईतल्या पोलीस ठाण्यात महिला अंमलदार तक्रारी लिहून घेतात, मुद्देमाल सांभाळतात, सीसीटीएनएसवर (गुन्ह्यांच्या नोंदींच्या संगणक प्रणालीवर) नोंदी करतात, समन्स बजावतात, कोर्टात पैरवीला (खटल्यांच्या पाठपुराव्याला) जातात, महिला आरोपीची झडती घेतात. यातल्या कुठल्याही कामात असं काही हाती लागू शकतं, जे निरीक्षकाच्या नजरेस कधीच पडणार नाही.

समजा, लालबागच्या चाळीत एका विवाहितेचा मृतदेह सापडतो. तुमच्या हवालदारानं तीन आठवड्यांपूर्वी ठाणे अंमलदार म्हणून बसली असताना याच बाईची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, लिहिली होती. नवऱ्यानं मारलं. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र. बाईच्या हातात एनसीची प्रत दिली आणि 'कोर्टात जा' असं सांगितलं, कारण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. तीच तक्रार पतीकडून होणारी क्रूरता म्हणून कलम ८५ खाली घेतली असती, तर गुन्हा दखलपात्र झाला असता. मग तशी का घेतली नाही? या प्रश्नापाशी तुमचं पात्र उभं राहतं. तिला जे ठाऊक आहे ते नायकाला नाही, आणि ते तोंडातून काढलं तर वरिष्ठ निरीक्षकही अडचणीत येतात आणि तीही.

बहुतेक मसुद्यांत हा सीन असा असतो:

हवालदार: सर, दार तर तोडलेलं नाही. म्हणजे?
निरीक्षक: म्हणजे येणारा ओळखीचा होता.
हवालदार: पण मग शेजाऱ्यांनी आवाज कसा नाही ऐकला?
निरीक्षक: कारण त्या वेळी खाली मंडळाची आरती चालू होती.

यात ती प्रेक्षकांच्या वतीनं प्रश्न विचारते, एवढंच. आता हे बघा:

निरीक्षक: दार तोडलेलं नाही. नवरा असणार.
हवालदार: नवऱ्याला तिनं दार उघडलं नसतं, सर.
निरीक्षक: तुम्हाला काय माहीत?
हवालदार: एनसी मीच लिहिली होती. आता आतून कडी लावूनच झोपते, म्हणाली होती.
निरीक्षक: एनसी? गुन्हा का नाही दाखल केला?
हवालदार: (थांबून) मोठ्या साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं.

तिच्या वाट्याला आलेले शब्द फारसे वाढलेले नाहीत. पण आता संशय नवऱ्यावरून हलला, ठाण्यातलं एक झाकलेलं प्रकरण उघडं पडलं, आणि ते तिनं स्वतःहून उघडं केलं. पुढच्या भागांत तिला याचा त्रास झालेला दिसू द्या: कसुरी अहवाल, जबाब, किंवा एलएमध्ये, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलात, नायगावला बदली. हे दाखवलं नाही, तर तिच्या बोलण्यात धाडस होतं हे प्रेक्षकाला कळणारच नाही. एनसीची ती प्रत, तिच्याच सहीची, मयताच्या खोलीत रेशनकार्डाच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली सापडू द्या. ती पंचनाम्यात घ्यायची की नाही, हा प्रसंग तुम्हाला लिहावासा वाटेलच.

प्रश्न: नायकाची बायको, बहीण किंवा मैत्रीण पहिल्याच भागात मारली जाते आणि मग तो पेटून उठतो. लेखकांना दुसरं काही सुचत नाही का? – वाचक, गिरगाव

उत्तर: सुचतं. पण चॅनेलच्या बैठकीत ही कल्पना दोन वाक्यांत सांगून होते आणि समोरच्याला लगेच पटते, म्हणून ती पुन्हा पुन्हा पुढे जाते. ही खोड आपल्याकडचीच नाही. गेल सिमोन या अमेरिकी लेखिकेनं १९९९ साली कॉमिक्समधल्या अशा स्त्री-पात्रांची यादीच केली होती, ज्यांना नायकाच्या कथेला धक्का देण्यापुरतं मारलं किंवा जायबंदी केलं जातं.

खून झालेली बाई क्राइम मालिकेत असणारच. आमचं भांडण त्याच्याशी नाही. ती कशामुळे मारली गेली, हे तपासून बघा. 'ती त्याची बायको होती' यापलीकडे उत्तर नसेल, तर कथा तिची कधी झालीच नाही. कारण तिच्या स्वतःच्या कामात, पैशात, तिला कळलेल्या एखाद्या गोष्टीत शोधा. त्यासाठी मयताचे शेवटचे ४८ तास तासागणिक लिहून काढा: कोणाला फोन केला, कुठली लोकल पकडली, कोणाचे पैसे द्यायचे होते, कुठलं काम अर्धवट राहिलं. यातला बहुतेक भाग पडद्यावर येणार नाही, पण तपासाचे धागे याच कागदातून निघतात. फ्लॅशबॅकही एकट्या नायकाच्या आठवणीतून नकोत. तिथे ती कायम हसतच असते. ऑफिसमधली मैत्रीण, सासू आणि भिशीवाली बाई, तिघींना ती वेगवेगळी आठवू द्या, आणि त्या आठवणींचा मेळ बसू देऊ नका.

आणखी एक बाब लेखक हटकून विसरतात. तिच्या लग्नाला किती वर्षं झाली होती, ते आधीच ठरवा. सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू असेल आणि हुंड्यासाठी छळाचा आरोप असेल, तर न्याय संहितेचं कलम ८०, म्हणजे हुंडाबळीचा विषय येतो. मग तिची आई, तिची बहीण यांचे जबाब खटल्याचा कणा बनतात. आपल्या मालिकांत त्या मृतदेहाशेजारी रडून निघून जातात.

प्रश्न: बेक्डेल चाचणी लावून पटकथा तपासावी का? – वाचक, ठाणे

उत्तर: लावा, पण तिच्यावर विसंबू नका. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या कॉमिक स्ट्रिपमधून आलेली ही चाचणी तीनच गोष्टी विचारते: किमान दोन स्त्रिया आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. क्राइम मालिकेत तिसऱ्या अटीची अडचण होते. दोन महिला अधिकारी पुरुष संशयिताचे कॉल रेकॉर्ड तपासत बोलत असतील, तर तो सीन उत्तम असूनही नापास ठरतो. उलट दोन बायका चहाच्या टपरीवर पावसाबद्दल बोलल्या की पास.

आमच्या मते रंगीत पेन्सिलींची पद्धत जास्त उपयोगी आहे. पटकथा छापून घ्या. त्या पात्राचा प्रत्येक संवाद खुणावत जा: नुसता प्रश्न असेल तर निळा, नवी माहिती असेल तर हिरवा, नकार किंवा निर्णय असेल तर लाल. पानं भिंतीला लावून लांबून बघा. सगळं निळं दिसलं, तर ते पात्र श्रोता आहे. हिरवं आहे पण लाल कुठेच नाही, तर ती माहिती पुरवणारी खिडकी आहे. प्रत्येक भागात लाल हवंच असं नाही, पण दोन-तीन भाग सलग कोरे गेले तर आउटलाइनकडे परत जा.

प्रश्न: आमच्या कथेत निरीक्षक रात्री अकरा वाजता संशयित बाईला घरातून उचलून ठाण्यात आणतो आणि रात्रभर चौकशी करून कबुलीजबाब घेतो. चालेल का? – दोन लेखक, गोरेगाव

उत्तर: असा निरीक्षक दाखवता येईल, पण तो नियम मोडतो आहे हे कथेला माहीत हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(५) नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते. अहवाल तिनंच द्यायचा, हे लक्षात घ्या. म्हणजे रात्री अकरा वाजता नायकाला अटक हवी असेल, तर त्याला आपल्या महिला उपनिरीक्षकाला पटवून द्यावं लागेल, आणि ती 'नाही, सकाळी' म्हणू शकते. एवढं फुकटचं नाट्य कायद्यानं हातात दिलेलं असताना दरवाजा लाथेनं उघडण्याची गरजच काय?

झडतीही स्त्रीनंच घ्यायची, सभ्यता पाळून (कलम ४९). ती बाई आरोपी नसून साक्षीदार असेल, तर कलम १७९ नुसार तिला ठाण्यात बोलावता येत नाही; ती राहते तिथे जाऊन विचारपूस करायची. स्वतःहून यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे तुमच्या सीनचा शेवट कथेला वाटतो तेवढा निर्णायक नाही. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर मात्र तेवढा भाग उपयोगी पडतो. आरोपी न्यायालयीन कोठडीत गेली की तिला भायखळ्याच्या महिला कारागृहात न्या, आर्थर रोडला नव्हे. आणि गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडलेला असेल, तर त्याला भारतीय दंड विधानाची जुनी कलमं लावा.

प्रश्न: पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर हे माझं आवडतं पात्र आहे, पण तिचा प्रत्येक सीन सारखाच होतो: चादर बाजूला, मृत्यूची वेळ, विषाचं नाव, कट. – वाचक, विलेपार्ले

उत्तर: कारण एका पात्रात तुम्ही दोन माणसं कोंबली आहेत. १९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी'पासून प्रेक्षकाला एकाच खोलीत सगळी उत्तरं मिळायची सवय लागली. प्रत्यक्षात शवविच्छेदन हॉस्पिटलच्या केंद्रात होतं आणि व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने), रक्त, कपडे सीलबंद होऊन कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तिथून येणाऱ्या सीए रिपोर्टला, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाला आठवडे लागतात, कधी महिने. विषाची शंका असेल तर डॉक्टर त्या दिवशी विषाचं नाव सांगतच नाही. ती लिहिते: मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं आहे.

तिचं नाट्य याच वाक्यात आहे. ठाण्याला आज अटक हवी आहे, वरून फोन येताहेत, नातेवाईक शवागाराबाहेर बसून आहेत, आणि ही बाई मत द्यायला तयार नाही. तपास अधिकाऱ्यानं तिला लेखी प्रश्न पाठवावेत: गळ्यावरची खूण गळफासाची की आवळल्याची? तिनं लेखी उत्तर द्यावं. गळफासात खूण सहसा तिरकी, मानेत वर आणि अर्धवट असते. दोरीनं आवळलं असेल तर आडवी, खाली आणि गळ्याभोवती पूर्ण. 'सहसा' हा शब्द ती सोडणार नाही, आणि कोर्टात बचावाचा वकील नेमका त्याच शब्दाला धरून बसेल. मृत्यूच्या वेळेचंही असंच. देह कडक होणं साधारण दोनेक तासांत सुरू होतं आणि बाराएक तासांत पूर्ण होतं, पण मुंबईच्या उन्हाळ्यात ते लवकर येतं आणि लवकर उतरतं. म्हणून ती 'रात्री ९.४०' असं कधी म्हणणार नाही. चार-सहा तासांचा टप्पा देईल. नायकाला त्या टप्प्यात संशयिताची हजेरी बसवू द्या. पात्र आपोआप वेगळं होईल, कारण आता ती नायकाला हवं ते देत नाही.

प्रश्न: घरकाम करणारी बाई साक्षीदार म्हणून येते, सगळं सांगते आणि मालिकेतून गायब होते. हे खटकतं. – वाचक, मुलुंड

उत्तर: आम्हालाही खटकतं, आणि जास्त खटकतो तो तिच्या तोंडी घातलेला विनोद. अशुद्ध बोलणं, हातवारे, 'साहेब, मला काय बी ठाव नाय' आणि मागे वाजणारं गमतीशीर संगीत. ज्या बाईच्या साक्षीवर खटला उभा राहणार, तिलाच हसण्यावारी नेलं की पुढे कोर्टात तिची भीती प्रेक्षकाला खरी वाटत नाही.

तिची माहिती एकाच सीनमध्ये संपवू नका, तीन सीनमध्ये वाटून द्या. पहिल्यात ती खोटं बोलते किंवा अर्धंच सांगते. दुसऱ्यात ती का लपवते आहे ते कळतं, आणि ते कारण ठोस हवं. मॅडमकडून मुलाच्या फीसाठी उचल घेतली आहे. त्याच सोसायटीत तिची आणखी चार कामं आहेत आणि वॉचमननं गेटपास काढून घेतला तर चारही जातील. किंवा ती त्या दिवशी कामावर उशिरा पोचली होती आणि ते लपवते आहे. तिसऱ्या सीनमध्ये ती बोलते, आणि ते नायकाच्या भाषणामुळे नव्हे. तिच्या हिशेबात काहीतरी बदललं म्हणून.

दुसरा सीन कुठे घ्यायचा, ते वर सांगितलेल्या कलम १७९ नं ठरवून दिलं आहे: तिच्या घरी. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीतली खोली, कॉटवर पडलेला सासरा, दारात डोकावणाऱ्या शेजारणी, आणि सगळ्यांदेखत विचारपूस. आपली उपनिरीक्षक चांगली असेल तर ती म्हणेल, 'चला ताई, पाण्याचा हंडा घेऊन खाली या.' नळावर दोघी बोलतील. कामाची पद्धत दाखवणारी अशी एक कृती दिली, की उपनिरीक्षकही पात्र म्हणून पक्की होते. एका सीनमध्ये दोन दुय्यम स्त्रिया उभ्या राहिल्या, आणि निरीक्षक तिथे नाहीच.

यापुढची पायरी तर बहुतेक लेखक गाळतात. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. कायदाच ती घेऊ देत नाही. म्हणून कोर्टात 'मी असं बोललेच नव्हते' म्हणणं सोपं असतं आणि साक्षीदार फितूर होतो. मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब नोंदवला तर तिथे मागे फिरणं अवघड. आता तुमच्याकडे सरळ प्रश्न आहे: बाईला मॅजिस्ट्रेटसमोर नेईपर्यंत कोण कोण तिला गाठतं? पूर्ण दोन भागांचं साहित्य यात आहे.

प्रश्न: आजकाल 'खमकी' महिला अधिकारी म्हणजे शिव्या, सिगारेट आणि कानफटात. हीच ताकद का? – वाचक, दादर

उत्तर: नाही. पुरुष पात्राच्या सवयी उचलून तिला चिकटवल्या, एवढंच ते आहे. 'दिल्ली क्राइम'चा २०१९ सालचा पहिला सीझन पुन्हा बघा. प्रशिक्षणार्थी अधिकारी नीती सिंगकडे पीडितेसोबत हॉस्पिटलमध्ये थांबण्याचं काम येतं. ती कोणावर हात उगारत नाही, पण त्या थांबण्यातून तिला काय सोसावं लागतं ते आपल्याला दिसत राहतं.

प्रश्न: मालिका मध्यावर आली आणि अभिनेत्री सोडून गेली. चॅनेल म्हणतं, 'ट्रॅक बंद करा, अपघातात मारा.' दुसरा मार्ग? – वाचक, मीरा रोड

उत्तर: डेली मालिकेत हे होणारच, आणि तोवर एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपत आलेली असते, त्यामुळे विचाराला वेळ नसतो. म्हणून बाहेर पडण्याची वाट कॅरेक्टर स्केच लिहितानाच ठेवा. पोलीस खात्यात अशा वाटा भरपूर आहेत: बदली, प्रतिनियुक्ती, १८० दिवसांची प्रसूती रजा, हवालदारासाठी खात्यांतर्गत उपनिरीक्षक परीक्षा आणि त्यानंतर नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण. यातली एक वाट सुरुवातीच्या भागांत सहज पेरून ठेवा. टेबलावर परीक्षेची पुस्तकं दिसू द्या, बस.

अचानक तोडावं लागलंच, तर तिच्याकडे असलेला तपासाचा धागा परस्पर नायकाला देऊन टाकू नका. तो दुसऱ्या दुय्यम पात्राकडे सोपवा, लेखी: केस डायरीतली तिची नोंद, मुद्देमालाची पावती, फोन नंबर लिहिलेलं पान. नवीन आलेली अंमलदार ते अक्षर वाचून काम पुढे नेईल. यासाठी एकच दिवसाचं शूट पुरतं, आणि तेही अभिनेत्रीशिवाय होतं. चॅनेलला हे आधी सांगा. खर्च वाचतो म्हटल्यावर क्रिएटिव्ह टीम सहसा ऐकते.